आमचे मंडळ आणि ज्ञानकोशाचे पान

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती आणि मी संध्याकाळी ओसरीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. फाटक वाजले. माझ्या बी. ए.च्या वर्गातले तीन विद्यार्थी आत आले आणि काही न बोलता उभे राहिले. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी असे मुकाट्याने उभे राहिले, की प्राध्यापकाच्या मनात पहिली शंका गुणांची येते. पण तिघांत जो जरा धीट होता तो म्हणाला,

“सर, आमचं पान काढून टाकलं.”

“कुठलं पान? पुरवणीचं?”

“नाही सर, मंडळाचं.”

आणि त्याने खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. हकीकत अशी होती, की आपल्या गावच्या युवक मंडळाविषयी या मुलांनी जालावरच्या एका मुक्त ज्ञानकोशात नोंद लिहिली होती. तीन रात्री खपून लिहिली होती. चौथ्या दिवशी ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी एवढाच खुलासा राहिला, की विषय उल्लेखनीय असल्याचा स्वतंत्र आधार दिलेला नाही.

“म्हणजे सर, आम्ही उल्लेख करण्यासारखे नाही?”

मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे ‘उल्लेखनीय’ या शब्दाची फोड मी चटकन करू शकलो असतो. पण त्या मुलाचा चेहरा पाहून ती करवली नाही. मी त्यांना बसायला सांगितले. सौ.ने चहा आणला. तो चहा निवून गेला तरी आमचे बोलणे संपले नाही. आणि खरे सांगायचे तर माझ्या मनात ते अजूनही संपलेले नाही. म्हणून हा लेख.

कुरखेडा नकाशात कुठे आहे, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगावे लागते, याची मला सवय झाली आहे. वडशाला रेल्वेतून उतरायचे आणि एस.टी.ने पूर्वेकडे निघायचे. धानाच्या बांध्या मागे पडत जातात, जंगल जवळ येत जाते आणि सती नदीच्या काठी हे तालुक्याचे गाव लागते. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाला, त्या नव्या जिल्ह्यातले हे गाव. नोकरीच्या निमित्ताने मी इथे आलो तेव्हा दोन वर्षांत बदली करून घेईन, असे घरी सांगितले होते. त्याला सतरा वर्षे झाली.

ज्या मंडळाविषयी हा वाद झाला, ते कुरखेड्यापासून काही मैलांवरच्या एका लहानशा गावातले. त्याचे नाव मुद्दामच देत नाही. कारण पुढे कळेलच. अशी मंडळे आमच्याकडे गावोगाव आहेत. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. एके काळी गावातलीच पोरे नाटक बसवीत. गावचा मास्तर दिग्दर्शक आणि मिशा काढलेला एखादा तरणाबांड शेतकरी नायिका. आता वडशाच्या नाट्य कंपन्या ठरवून आणतात. पण बाकी सारे गावच्या मंडळाकडेच असते. मंडप तेच घालतात, प्रेक्षकांना मागूनही दिसावे म्हणून बैठकीची जमीन तेच खणून उतरती करतात, तिकिटे तेच विकतात. रात्री दहाच्या सुमाराला पडदा वर जातो आणि लोक घरी परततात तेव्हा पूर्वेला उजाडत असते.

या मंडळाने एवढेच केलेले नाही. नाटकाच्या हिशेबात शिल्लक राहिली त्या वर्षी त्यांनी शाळेला कपाट घेऊन दिले. सिकलसेलच्या रुग्णांना रक्त लागते, ही आमच्या भागातली जुनी व्यथा. त्यासाठी ही मुले वर्षातून दोनदा रक्त देऊन येतात. पावसाळ्यात नाला भरला की बाळंतिणीला खाटेवर घालून पलीकडे नेणारे खांदे त्यांचेच. आता सांगा, अशा मंडळाला ज्ञानकोशात जागा नसावी?

मन म्हणते, असावी. पण मन आणि ज्ञानकोश या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्या संध्याकाळी मला त्या मुलांना सांगावे लागले.

ज्ञानकोशाचे वेड महाराष्ट्राला नवे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड काढले, त्यासाठी काढलेले ज्ञानकोश मंडळ आधी आमच्या नागपुरातच स्थापन झाले होते. केतकर वर्गणीदार मिळवीत गावोगाव हिंडले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून ‘मराठी विश्वकोश’ हाती घेतला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला आणि आज तो सगळा घरबसल्या जालावर वाचता येतो. या कोशांत कुणाची नोंद घ्यायची हे संपादक ठरवीत. कागद मोजका, छपाई महाग, तेव्हा कात्री चालवावीच लागे. मुक्त ज्ञानकोशाचे तसे नाही. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तिथे कागद संपत नाही आणि लिहायला कुणालाही मुभा आहे. मग तिथे तरी कात्री कशाला?

मुलांचा नेमका हाच प्रश्न होता. “सर, जागा तर भरपूर आहे!”

त्याचे उत्तर सौ.ने स्वयंपाकघराच्या दारातून दिले. ती म्हणाली, “मुलगा कसा आहे, हे आपण मुलाच्या आईला विचारून स्थळ पक्कं करतो का? शेजाऱ्यांना विचारतो.”

माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचे काम या एका वाक्याने झाले. मुक्त ज्ञानकोशाचा नियम हाच आहे. तुम्ही चांगले की वाईट, मोठे की लहान, हे तिथे कुणी ठरवीत नाही. तुमच्याशी ज्याचा लागाबांधा नाही अशा विश्वासू माणसाने तुमच्याविषयी कुठे सविस्तर लिहिले आहे का, एवढेच पाहतात. लिहिले असेल, तर त्या आधारावर नोंद. नसेल, तर थांबा. आणि आपली नोंद आपणच लिहू नये, हा त्यातला शिष्टाचार. एखादी मोठी संस्था असेल आणि तिची गावोगाव शाखा असेल, तर नोंद संस्थेची. शाखेला सहसा वेगळे पान मिळत नाही. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना आमच्याकडे कितीतरी गावांत रोज होते. नोंद मात्र मोझरीच्या मूळ मंडळाची. गावोगावच्या शाखा त्या एका नोंदीच्या सावलीत.

मुले ऐकत होती. पण पटले नव्हते. धीट मुलगा म्हणाला, “सर, तुम्ही आम्हाला रविकिरण मंडळ शिकवता. तेही मंडळच होतं ना? चार मित्र जमून चहा प्यायचे, कविता वाचायचे. त्यांचं पान आहे.”

मी निरुत्तर झालो असे नाही, पण क्षणभर थांबलो. कारण बिनतोड होते. १९२३ साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि मनोरमाबाई रानडे अशी मोजकी मंडळी एकत्र आली, तेव्हा त्यांचे वय काय आणि कीर्ती काय! चौकातल्या इतर दहा मंडळांसारखे तेही एक. पुढे त्यांनी आपल्या कविता छापल्या. पण आपली पुस्तके आपणच छापली, एवढ्याने काय होते? इतरांना त्यांच्याविषयी बोलावेसे वाटले, यात खरे मर्म आहे. टीकाकारांनी लिहिले, आणि आचार्य अत्र्यांनी तर केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ काढून त्यांची मनसोक्त टर उडवली. थट्टा का होईना, ती परक्याने केलेली नोंदच होती!

असेच अमरावतीचे. १९१४ साली वैद्य बंधूंनी तरुणांसाठी हनुमानाच्या नावाने आखाडा सुरू केला. तालीम कुठल्या गावात नव्हती? पण याच आखाड्याचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ साली त्याच्या खेळाडूंनी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. जगाने पाहिले आणि जगाने लिहिले.

आणि नाशिकचा मित्रमेळा? विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सावरकर बंधूंनी आणि त्यांच्या मित्रांनी गल्लीत जमवलेले ते पोरांचे टोळके. १९०४ साली त्याचे ‘अभिनव भारत’ झाले आणि पुढे सरकारने खटले भरले. ज्या पोरांची दखल गावाने घेतली नसती, त्यांची कोर्टाच्या कागदांनी घेतली. शत्रूनेही लिहून ठेवले, की इतिहासाला पुरते.

“म्हणजे सर,” इतका वेळ गप्प असलेला दुसरा मुलगा म्हणाला, “कोणीतरी टीका केली पाहिजे, परदेशात गेलं पाहिजे, नाहीतर खटला झाला पाहिजे.”

सगळे हसले. तो मात्र हसला नाही. त्याने मोबाईलवर आमच्या तालुक्याचे नाव शोधले आणि समोर आलेले पान मला दाखवले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या रस्त्यावर नक्षलवाद्यांनी सुरुंग उडवला. पंधरा पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक जागीच गेले. त्या घटनेची नोंद ज्ञानकोशात आहे, आणि असलीच पाहिजे. देशभरच्या वर्तमानपत्रांनी तिच्याविषयी लिहिले. तो मुलगा म्हणाला,

“स्फोट झाला त्याचं पान आहे सर. आम्ही दर वर्षी नाटक करतो, रक्त देतो, त्याचं नाही. बाहेरच्या माणसानं आमचं गाव शोधलं तर त्याला एवढंच दिसणार. माझी बहीण नागपूरला शिकते. गाव सांगितलं की मैत्रिणी विचारतात, तिकडे राहायला भीती नाही वाटत?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलांना मंडळाचा मोठेपणा मिरवायचा आहे, असे मी समजत होतो. त्यांना मिरवायचे नव्हते. आपल्या गावाची जी एकच ओळख जगात पसरली आहे, तिच्या शेजारी दुसरी एक ठेवायची होती.

मुले गेली. रात्री जेवताना मी सौ.ला म्हटले, “नियम बरोबर आहे, पण न्याय होत नाही. लालबागच्या मंडळाला १९३४ पासून वर्तमानपत्रे दाराशी आहेत. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतल्या गणपतीने १८९३ साल पाहिले आहे आणि चार पावलांवर छापखाने. आमच्या पोरांच्या नाटकाला कोण वार्ताहर येणार?”

“तुम्ही येता ना,” ती म्हणाली. “सतरा वर्षं शाल पांघरून पहिल्या रांगेत बसता. तुम्ही काय लिहिलंत?”

वाचकहो, घास घशात अडकणे म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळले. रविकिरण मंडळावर मी दोन निबंध लिहिले आहेत. त्या विषयावर माझ्याआधी शेकडो विद्वानांनी लिहिले होते आणि माझ्या लिहिण्याने मराठी वाङ्मयाचे काही अडलेले नव्हते. पण ज्या रंगभूमीसमोर मी सतरा हिवाळे कुडकुडत बसलो, तिच्या एका मंडळाविषयी, एका प्रयोगाविषयी माझी एकही ओळ छापलेली नाही. स्वतंत्र आधार मिळत नाही, असे ज्ञानकोश म्हणतो. आधार लिहायचा कुणी? आमच्यासारख्यांनीच. तो आम्ही लिहिला नाही आणि पान गेल्याचा दोष मात्र ज्ञानकोशावर!

लिहिले की काय होते, याची उदाहरणे आमच्या जिल्ह्यातच आहेत. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे छोटेसे गोंड गाव. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी ग्रामसभा उभी केली, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अभ्यासगट चालवले आणि २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते जाऊन बसले. काम त्यांचे, पण मिलिंद बोकील यांनी तिथे जाऊन, राहून, पाहून ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिले, म्हणून ते काम पुण्यातल्या वाचकाच्या कपाटात पोचले. आमच्या कुरखेड्यातच डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था आहे. १९८४ साली सुरू झाली तेव्हा तीही ध्येयवेड्या तरुणांची एक जमातच होती. आणि याच तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे! झाडीपट्टीच्या रंगमंचावर जन्म काढलेला हा नट २०२३ साली पद्मश्रीने गौरवला गेला, तेव्हा कुठे राज्यातल्या पुष्कळ लोकांना झाडीपट्टी नावाची रंगभूमी आहे हे समजले. पण खुण्यांना टाळ्या कुणी दिल्या? त्यांच्यासाठी मंडप कुणी घातले? गावोगावच्या असल्याच निनावी मंडळांनी.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलांना बोलावले आणि म्हटले, “पानाचं नंतर पाहू. आधी कागद गोळा करा.”

दिवाळीच्या सुटीत आम्ही कामाला लागलो. मंडळाची जुनी वही निघाली; निम्मी वाळवीने खाल्लेली. नाटकांची हँडबिले निघाली. काही पेटीच्या तळाशी अंथरलेली, काही पंचांगात खूण म्हणून घातलेली. मंडळाच्या स्थापनेच्या वेळचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांना मी विचारले, “बाबा, तेव्हा काही लिहून का नाही ठेवलंत?” ते हसून म्हणाले, “तवा लिवाले कोनाले सवड होती, सर? नाटक पाठ करता करताच पहाट होये.”

आणि मग एक गंमत झाली. मुलांच्या दृष्टीने गंमत नव्हे. काढून टाकलेल्या पानात त्यांनी लिहिले होते, की आमचे मंडळ तालुक्यातले सर्वांत जुने. हँडबिले तारखेवार लावली तेव्हा आढळले, की नाल्यापलीकडच्या गावचे मंडळ यांच्याहून निदान सहा वर्षांनी जुने आहे. इतकेच नव्हे, तर यांचे पहिले नाटक त्यांच्याच उसन्या पडद्यांवर झाले होते. दोन्ही गावांत कबड्डीवरून जुनी चुरस. मुलांची तोंडे पडली. एकाने हळूच सुचवले, की ते हँडबिल वगळले तर?

मी काही बोललो नाही. धीट मुलानेच ते हँडबिल उचलून गठ्ठ्याच्या वर ठेवले. “राहू द्या,” तो म्हणाला, “नाहीतर उद्या ते लोक दाखवतील.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “आणि पडदे दिले होते त्यांनी.”

माझ्या मते ज्ञानकोशाच्या नियमाचे सारे सार त्या एका हँडबिलात होते. मुलांचे पान राहिले असते, तर एक चुकीची गोष्ट शंभर जागी उतरवली गेली असती आणि पलीकडच्या गावाचा मान कायमचा बुडाला असता. शेजाऱ्याला विचारावे लागते ते याचसाठी.

मग निकाल काय? स्थानिक युवक मंडळाला ज्ञानकोशात स्वतंत्र पान असावे की नसावे? माझे मत मी मुलांना सांगितले, तेच इथे सांगतो. आज नसावे. चांगले काम केले म्हणून पान मागणे म्हणजे ज्ञानकोशाला मानपत्र समजणे. मानपत्र गावाने द्यावे. ते गाव देतेच. पण गावाच्या नोंदीत मंडळाचा एक परिच्छेद जरूर असावा आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या नोंदीत अशा मंडळांच्या कामाचे वर्णन असावे. तेवढ्यालाही आधार लागेल. तो आधार लिहिण्याचे काम माझे आणि माझ्यासारख्यांचे. मंडळाचे नाव मी या लेखात दिले नाही, कारण मी आता त्या मुलांच्या बाजूचा माणूस झालो आहे. मुलाच्या आईची साक्ष चालत नाही! त्यांच्याविषयी कुणी तटस्थ अभ्यासकाने येऊन लिहावे. कागद आम्ही लावून ठेवले आहेत. दोन्ही गावांचे, एकाच पेटीत. त्या पेटीला कुलूप आहे आणि कुणी वाचायला मागितली तर किल्ली वाचनालयात मिळते.

आता शहरातल्या वाचकांना एक विनंती. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या घरी दिवाळीची साफसफाई नुकतीच आटोपलेली असेल, किंवा माळा उपसायचा राहिला असेल. त्या माळ्यावर आजोबांच्या गणेश मंडळाची स्मरणिका असेल, वडिलांच्या व्यायामशाळेचा जमाखर्च असेल, आईच्या भगिनी मंडळाच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण असेल. रद्दीवाला किलोच्या भावाने नेईल. त्याआधी एकदा चाळून पाहा, मागे साल लिहा, फोटोतल्या माणसांची नावे लिहा आणि जवळच्या ग्रंथालयात विचारा. तुमच्या गल्लीतल्या त्या मंडळाचे पान कधी व्हायचे असेल, तर ते त्याच कागदावरून होईल.

येत्या भाऊबीजेनंतर त्या गावात पुन्हा नाटक आहे. मुलांनी पहिल्या रांगेतली माझी नेहमीची खुर्ची राखून ठेवली आहे. पलीकडच्या गावच्या मंडळालाही या वर्षी आमंत्रण गेले आहे. ते येतील असे म्हणतात. सौ.ने शालीबरोबर पिशवीत एक कोरी वही आणि दोन पेन्सिली घालून ठेवल्या आहेत. दोन का, असे विचारले तर म्हणाली, “पहाटेपर्यंत एक पुरायची नाही.”